किंमत कोणी मोजली? दोन ‘ययातीं’ची तुलना कशी करावी

दोन साहित्यकृतींची तुलना करा, असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरे एकाच वाटेने जातात. आधी एका पुस्तकाचे कथानक, मग दुसऱ्याचे, त्यानंतर साम्ये, त्यानंतर भेद आणि अखेरीस दोन्ही कलाकृती आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत असा समारोप. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या कुमारस्वामी महाविद्यालयात बी.ए.ला मराठी घेतलेला विद्यार्थी असो, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. करणारी विद्यार्थिनी असो किंवा वाचनालयातून पुस्तके नेऊन चार जणांत त्यांवर बोलणारा हौशी वाचक असो, ही घडण सगळ्यांच्या हातात तयार असते. तिच्यात चूक काही नाही, पण तिच्यातून हाती काही लागतही नाही. साम्य-भेदांची यादी कितीही लांबली तरी, एकच संघर्ष दोन लेखकांनी दोन तऱ्हांनी का मांडला, हा प्रश्न तसाच उरतो. तुलना त्याच प्रश्नासाठी करायची असते. या लेखात मी एक पद्धत सुचवतो आहे आणि ती एका जोडीवर शेवटपर्यंत चालवून दाखवतो आहे. पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येईल: संघर्षात कोण बरोबर होते हे ठरवण्याची घाई करू नका, त्या संघर्षाची किंमत कोणाच्या पदरात पडली, त्या माणसाला लेखकाने बोलू दिले का आणि ती किंमत त्याला परत मिळाली का, हे तीन प्रश्न दोन्ही पुस्तकांना विचारा.

जोडी घेऊ या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी आणि गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक. कादंबरी १९५९ची. तिला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, तो मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ. नाटक १९६१चे, मूळ कन्नड, धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केलेले. कर्नाडांचा जन्म माथेरानचा आणि मराठी रंगभूमीशी त्यांचे नाते जुने, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाटक परके वाटत नाही. दोन वर्षांच्या अंतराने, शेजारच्या दोन भाषांत, एकाच नावाखाली, महाभारतातल्या एकाच कथेवर दोन लेखकांनी लिहिले. तुलनेचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीची जोडी क्वचितच मिळेल, कारण इथे मोजमापाला तिसरी वस्तूही उपलब्ध आहे: मूळ कथा.

आधी संघर्ष एका वाक्यात लिहा

कोणतीही तुलना सुरू करण्यापूर्वी दोन्ही कृतींना लागू पडेल असे संघर्षाचे एक वाक्य कागदावर लिहावे. ‘भोग आणि त्याग यांचा संघर्ष’ असे लिहिले तर ते खांडेकरांना लागू पडते, कर्नाडांना नीट पडत नाही. ‘दोन पिढ्यांचा संघर्ष’ असे लिहिले तर ते इतके सैल होते की अर्धे मराठी साहित्य त्यात बसेल. वाक्य असे करता येईल: बापाला स्वतःचे म्हातारपण नको आहे आणि ते मुलाच्या अंगावर टाकण्याची वाट त्याला मिळाली आहे. या वाक्यात माणसे आहेत, मागणी आहे आणि मागणी पुरी झाली तर कोणाचे काय जाणार हेही आहे. संघर्षाचे वाक्य असेच ठोस असावे. त्यात ‘मूल्य’, ‘प्रवृत्ती’, ‘जीवनदृष्टी’ असे शब्द आले तर ते पुन्हा लिहावे, कारण असे शब्द निष्कर्षाच्या जागी येतात. सुरुवातीलाच आले तर पुस्तक उघडण्याआधीच उत्तर ठरून बसते.

मग मूळ कथा वाचावी. ती आदिपर्वात आहे आणि फार मोठी नाही. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि असुरराजा वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा यांच्यात भांडण होते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते, ययाति तिला वर काढतो. पुढे शर्मिष्ठेला देवयानीची दासी व्हावे लागते आणि देवयानीचे ययातीशी लग्न होते. देवयानीला यदू आणि तुर्वसू हे दोन मुलगे, शर्मिष्ठेला ययातीपासूनच द्रुह्यू, अनू आणि पूरू हे तीन. ते उघडकीला आल्यावर शुक्राचार्य ययातीला अकाली वार्धक्याचा शाप देतात आणि मागाहून उःशाप देतात की हे वार्धक्य दुसऱ्याला देता येईल. ययाति पाचही मुलांना विचारतो. चौघे नाही म्हणतात आणि बापाचे शाप घेतात. सर्वांत धाकटा पूरू हो म्हणतो. सहस्र वर्षे भोग घेऊन झाल्यावर वासना भोगाने शमत नाही हे ययातीला कळते, तो पूरूचे तारुण्य परत करतो, थोरल्यांना डावलून त्याला राज्य देतो आणि वनात जातो. थोरले असताना धाकट्याला गादी कशी, असे प्रजा विचारते, तेव्हा आज्ञा पाळणारा तोच खरा पुत्र, असे राजाचे उत्तर असते.

मूळ कथा वाचताना दोन रकाने करावेत: कथा काय सांगते आणि कशावर गप्प राहते. दुसरा रकाना अधिक मोलाचा. महाभारत चार मुलांचे नकार सांगते, त्यांचे शाप सांगते, पूरूचे बक्षीसही सांगते. पण ती सहस्र वर्षे म्हातारपण अंगावर घेऊन पूरूने कशी काढली याविषयी ते जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याच्या घरात कोण होते, त्याच्या बाजूने कोणाला काय वाटले, हेही नाही. आज्ञाधारकपणाला राज्य मिळाले, इथे हिशेब मिटला. नंतरचा लेखक बहुधा अशा मौनाच्या जागीच आपले पाऊल ठेवतो. म्हणून मूळ कथेतल्या रिकाम्या जागा आधी हेरून ठेवल्या, तर दोघांपैकी कोण कुठून आत शिरला हे लगेच दिसते.

बोलण्याचा हक्क कोणाला दिला?

खांडेकरांच्या कादंबरीत तीन निवेदक आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही प्रथमपुरुषी बोलतात. ही केवळ तंत्राची बाब आहे असे समजून ‘निवेदनपद्धती’ या मथळ्याखाली दोन ओळी लिहून पुढे जाऊ नये. संघर्षाविषयी लेखकाची भूमिका इथेच पक्की होते. ज्याला ‘मी’ म्हणायला मिळते त्याची बाजू वाचकाला आतून कळते. ज्याला मिळत नाही तो इतरांच्या नजरेतून दिसतो. महाभारतात ज्यांच्याविषयी कथा सांगितली गेली त्या दोन स्त्रियांना खांडेकरांनी स्वतःची कथा सांगायला लावली, हे मोठे पाऊल आहे. देवयानीचा अहंकार बाहेरून पाहिला तर नुसता कठोर वाटतो. तिच्या तोंडून ऐकला की त्यात शुक्राचार्यांचा शिष्य कच याच्याकडून नाकारले गेल्याची जखमही कळते. शर्मिष्ठेचे दासीपण, मूल पोटाशी धरून लपतछपत काढलेली वर्षे, ही किंमत कादंबरीत पानोपानी मोजलेली आहे. पण ज्याच्याकडून तारुण्य घेतले जाते त्या पूरूला स्वतःचे निवेदन नाही. तो आईच्या बोलण्यातून आणि बापाच्या बोलण्यातून आपल्याला भेटतो. आपण लिहिलेले संघर्षाचे वाक्य बाप-मुलाचे होते. खांडेकरांनी त्यातल्या मुलाला ‘मी’ दिलेला नाही. याचा अर्थ काय, हा प्रश्न इथे वहीत नोंदवून ठेवायचा.

याच नोंदीशेजारी दुसरी नोंद: लेखकाने मूळ कथेत काय नवे घातले. खांडेकरांच्या कादंबरीत ययातीचा थोरला भाऊ यती वैराग्याच्या टोकावर उभा आहे, त्याला स्त्रीचा तिटकारा आहे. महाभारतात संजीवनी विद्या घेऊन निघून जाणारा कच इथे शेवटपर्यंत कथेत राहतो, संयम आणि करुणा यांचा मेळ साधलेला माणूस म्हणून. यती हे एक टोक, ययाति हे दुसरे आणि कच हा मधला तोल. या रचनेवरून स्पष्ट दिसते की खांडेकरांनी संघर्षाची जागाच हलवली. बाप आणि मुलगा यांच्यातला संघर्ष त्यांनी ययातीच्या मनात नेला. तिथे तो वासना आणि विवेक यांच्यात चालतो. कादंबरीच्या भूमिकेत त्यांनी ययातीकडे आजच्या माणसाचा प्रतिनिधी म्हणून पाहिले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सुखाच्या मागे धावणाऱ्या समाजाविषयीची त्यांची चिंता त्यामागे आहे. तेव्हा पूरूला निवेदन का नाही, याचे उत्तर मिळते: या कादंबरीत पूरू हा ययातीच्या अधःपाताचा तळ दाखवणारा आणि त्याला जागे करणारा आहे. स्वतःच्या मुलाचे तारुण्यही घ्यायला माणूस तयार झाला, म्हणजे याहून खाली जायला जागा नाही, हे त्या प्रसंगाने सिद्ध होते.

कर्नाडांच्या नाटकात कादंबरीसारखे निवेदक असणार नाहीत हे उघड आहे, पण रंगमंचावर कोणाला किती जागा मिळाली आणि कोण कोणाला निरुत्तर करते, हे पाहता येते. कर्नाडांनी काळ आवळून धरला आहे. वर्षानुवर्षांचा व्याप इथे नाही. शाप, पूरूचा स्वीकार आणि त्याचा परिणाम हे सगळे थोड्या अवधीत एकमेकांवर आदळते. त्यांनी घातलेली सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे चित्रलेखा, पूरूची नवी नवरी. महाभारताने मोकळ्या सोडलेल्या जागी कर्नाडांनी नेमके हे पाऊल ठेवले आहे. पूरू बापाचे वार्धक्य घेतो तेव्हा तो फक्त स्वतःचे तारुण्य देत नाही. लग्न करून आलेल्या मुलीचे सारे आयुष्यही तिला न विचारता देऊन टाकतो. नवऱ्याच्या मोठेपणाचा तिला आधी अभिमान वाटतो, मग त्याचा जराग्रस्त चेहरा पाहून ती हादरते. ययाति तिला राजघराण्याची सून म्हणून हे सोसायला सांगतो, तेव्हा ती त्याच्याच तर्काने त्याला अडवते: माझ्या नवऱ्याचे तारुण्य आता तुमच्याजवळ आहे, तर माझे स्थान कुठे? राजाजवळ उत्तर नाही. चित्रलेखा विष घेते. ती मेल्यावर ययाति वार्धक्य परत घेतो आणि वनाकडे निघतो.

या नाटकातला पूरूही तपासण्यासारखा आहे. तो केवळ पितृभक्तीने होकार देत नाही. थोर पूर्वजांच्या सावलीत स्वतःला अपुरा समजणारा हा तरुण आहे आणि या त्यागातून आपल्या असण्याला काही अर्थ येईल अशी त्याला आशा आहे. म्हणजे कर्नाडांनी आज्ञाधारकपणाचाही उलटा तपास केला. मुलगा हो म्हणाला म्हणून बापाची मागणी न्याय्य ठरत नाही आणि मुलाच्या होकारामागे त्याचीही एक भूक असू शकते. आणि त्या दोघांच्या देण्याघेण्यात जिचा शब्दही विचारला गेला नाही ती मरते.

परत मिळणारी किंमत आणि न मिळणारी किंमत

आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तिसरा प्रश्न विचारू: मोजलेली किंमत परत मिळाली का? महाभारतात पूरूला तारुण्य परत मिळते आणि वर राज्यही मिळते. खांडेकरांनी सहस्र वर्षे काढून टाकली, कथा माणसाच्या आयुष्याच्या मापात बसवली, पण परतफेडीचे तत्त्व ठेवले. ययातीला पश्चात्ताप होतो, कचाच्या साहाय्याने पूरू पुन्हा तरुण होतो, राज्य पूरूकडे जाते. शर्मिष्ठेच्या दुःखालाही शेवटी मान मिळतो. कर्नाडांच्या नाटकात पूरूला तारुण्य परत मिळते खरे, पण चित्रलेखा परत येत नाही. दोन्हीकडे राजा जागा होतो, दोन्हीकडे तो चूक कबूल करतो. एके ठिकाणी त्या जागे होण्याने जखम भरते. दुसऱ्या ठिकाणी जागे व्हायला उशीर झालेला असतो आणि कितीही पश्चात्ताप झाला तरी तो एका माणसाला परत आणू शकत नाही. माझ्या मते दोन्ही ‘ययातीं’मधला खरा भेद हा आहे आणि बाकीचे भेद त्याच्यामागून येतात. खांडेकरांचा विश्वास आहे की माणूस आतून बदलला तर घर सावरते. कर्नाड म्हणतात की माणूस बदलू शकतो, पण त्याच्या बदलाचा खर्च दुसऱ्याच कोणीतरी आधीच भरलेला असतो.

हा निष्कर्ष एकदा हाती आला की आधी सुटे वाटणारे तपशील आपोआप ओळीत येतात. खांडेकरांना दीर्घ काळ लागतो, कारण मन बदलायला काळ लागतो. कर्नाडांना थोडा अवधी पुरतो, कारण अन्याय व्हायला काळ लागत नाही. खांडेकरांना कच लागतो, कारण परतफेड करून देणारे कोणीतरी हवे. कर्नाडांच्या नाटकात असा तारणहार नाही आणि त्याचे नसणे हाच त्यांचा मुद्दा आहे. तुलनेचा निष्कर्ष खरा की नुसता चमकदार, हे ओळखायची कसोटी हीच: त्याने आणखी चार तपशिलांचा उलगडा व्हायला हवा. एकाच प्रसंगापुरता चालणारा निष्कर्ष टाकून द्यावा.

इथे लेखकाच्या चरित्राचा मोह होतो, आणि तो मर्यादेत ठेवायला शिकले पाहिजे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा खांडेकर साठी ओलांडलेले होते. नाटक आले तेव्हा कर्नाड जेमतेम तेवीस वर्षांचे. कर्नाडांनी स्वतः सांगितले आहे की ऑक्सफर्डला शिकायला जाण्याच्या सुमारास घरच्यांच्या अपेक्षांचा जो ताण होता, तो या नाटकात उतरला. एकाने बापाच्या जागी उभे राहून लिहिले आणि दुसऱ्याने मुलाच्या, असे म्हणण्याची सोय यातून होते आणि त्यात तथ्यही आहे. पण चरित्र हा मदतनीस पुरावा आहे, मुख्य साक्षीदार नव्हे. कर्नाडांनी मुलाच्या बाजूनेच लिहिले असते तर पूरूला त्यांनी निर्दोष ठेवले असते. त्यांनी तर चित्रलेखेच्या डोळ्यांनी त्यालाही दोषी ठरवले. वयावरून काढलेला अंदाज संहितेने खोडला, की संहितेचे ऐकावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की कादंबरी आणि नाटक यांची तुलनाच होऊ शकत नाही. कादंबरीला मनात शिरता येते, नाटकाला येत नाही. याचे उत्तर सोपे आहे. प्रकाराने जे लादले ते बाजूला काढा आणि लेखकाने जे निवडले त्याचीच तुलना करा. नाटकात कादंबरीसारखे निवेदन नसते, ही प्रकाराची अट आहे. ती कर्नाडांच्या खात्यावर मांडू नका. पण नव्या नवरीला रंगमंचावर आणायचे की नाही, ही निवड आहे. कादंबरीत कितीही निवेदक चालतात. तिघांनाच घ्यायचे आणि पूरूला वगळायचे, ही निवड आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा: मूळ कन्नड नाटक मराठी अनुवादातून वाचून त्याची मराठी कादंबरीशी तुलना कशी करावी? शैलीची करू नये. वाक्यांची लय, शब्दांची निवड, बोलीचा वापर यांवर अनुवाद वाचून निकाल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु कोणती पात्रे आहेत, प्रसंगांचा क्रम काय, कोण कोणाला उत्तर देते आणि शेवट कुठे होतो, हे अनुवादात बदलत नाही. आपला युक्तिवाद त्या पायावर उभा असेल तर अनुवाद अडसर ठरत नाही. उत्तरात आपण अनुवाद वाचला आहे हे मात्र स्पष्ट लिहावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खांडेकरांना जे सांगायचे नव्हते ते त्यांच्याकडे मागणे हा अन्याय नाही का? त्यांना वासनेविषयी लिहायचे होते; सुनेचे काय झाले असते हा आजचा प्रश्न त्यांच्यावर का लादावा? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच मी किंमत हा शब्द निवडला. किमतीची कसोटी खांडेकरांच्या विरुद्ध जात नाही, त्यांचे बळही तीच दाखवते. शर्मिष्ठेने वर्षानुवर्षे मोजलेली किंमत कादंबरीत जितकी सविस्तर आली आहे तितकी ती थोड्या अवधीच्या नाटकात येणे शक्य नव्हते. उलट कर्नाडांची मर्यादाही याच कसोटीने कळते: चित्रलेखेचा मृत्यू अखेर राजाला शहाणा करण्याच्या कामी येतो, म्हणजे तिचे जाणे पुन्हा एकदा पुरुषाच्या जागृतीचे साधन बनते. चांगली कसोटी तीच, जी दोघांनाही लागू होते आणि दोघांचेही काही मान्य करते, काही प्रश्नात टाकते.

चौथा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि आपल्या लातूर-औशाच्या भागात तो टाळून चालणार नाही. महाभारताची कथा जशी आहे तशी ठेवावी, लेखकांनी तिच्यात नवी पात्रे का घुसवावीत? ज्या औशाला वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांच्या परंपरेचे चक्रीभजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तिथल्या भजन-कीर्तन ऐकणाऱ्या श्रोत्याला याचे उत्तर खरे तर ठाऊक असते. कीर्तनात एकच आख्यान दोन कीर्तनकार दोन प्रकारे लावतात, कोणी एका प्रसंगावर थांबतो, कोणी दुसऱ्या, आणि श्रोते ते मान्य करतात. कथा वेगळ्या अंगाने सांगणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर लिहिताना हीच मोकळीक घेतली: पात्रांना पूज्य किंवा दुष्ट अशा खणांत न टाकता त्यांच्या वागण्याची कारणे तपासली. श्रद्धा असणाऱ्याने तुलना करू नये असे कुठेच नाही. त्याने एवढेच पाहावे की प्रश्न कथेतून उगवला आहे की बाहेरून चिकटवला आहे. पूरूच्या घरात काय झाले, हा प्रश्न कथेच्या स्वतःच्या मौनातून उगवलेला आहे.

हा संघर्ष आपल्या ओळखीचा का वाटतो

लातूर जिल्ह्यातल्या वाचकाला ही जोडी जवळची वाटण्याचे कारणही लिहिले पाहिजे. औशापासून वीस-बावीस किलोमीटरवर लातूर आहे आणि परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर पोचलेले आहे. वडिलांचे राहून गेलेले शिक्षण, त्यांच्या वाट्याला न आलेली प्रतिष्ठा, नापिकीने आणि कर्जाने अडलेल्या घराची सुटका, हे सगळे अनेकदा सतरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या अभ्यासावर येऊन बसते. मुले हो म्हणतात. पुष्कळदा मनापासून म्हणतात. कर्नाडांच्या पूरूचा होकार इथे नीट समजतो. पण ही ओळख वापरताना सांभाळावे. आपल्याकडचा बाप ययातीसारखा भोगासाठी मागत नाही; तो स्वतःही जमीन गहाण टाकून, अंगावरचे काढून किंमत मोजत असतो. म्हणून जगण्यातून आलेला अनुभव आपल्याला प्रश्न देऊ शकतो, उत्तर मात्र पुस्तकातूनच काढावे लागते. ‘आजही घरोघरी ययाति आहेत’ असे वाक्य लिहून निबंध संपवला की टाळी मिळते, पण तुलना तिथेच मरते. त्याऐवजी असे विचारावे: आपल्या घरातल्या संघर्षात चित्रलेखेच्या जागी कोण आहे, जिला कोणी विचारलेलेच नाही? बहुतेकदा ती धाकटी बहीण असते, जिची फी थोरल्याच्या क्लासपुढे मागे पडते. हा प्रश्न मनात घेऊन पुन्हा पुस्तकाकडे गेलात तर पुस्तक अधिक नीट वाचले जाईल.

लिहायला बसताना

प्रत्यक्ष लेखनाविषयी थोडक्यात. दोन्ही पुस्तके वाचताना स्वतंत्र वह्या ठेवू नका. एकाच पानावर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी अशा नोंदी करा, म्हणजे तुलना वाचतानाच सुरू होते. नोंदींचे तीनच मथळे पुरेत: किंमत कोणी मोजली, त्याला बोलता आले का, ती परत मिळाली का. प्रत्येक नोंदीला प्रसंग आणि पानाचा क्रमांक जोडा. प्रसंगाचा आधार नसलेली नोंद म्हणजे नुसते मत. लिहिताना कथानक चार-पाच ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. परिच्छेद पुस्तकानुसार पाडू नका, मुद्द्यानुसार पाडा, आणि प्रत्येक परिच्छेदात दोन्ही पुस्तके यायला हवीत. आपला निष्कर्ष दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाका. तो शेवटासाठी राखून ठेवला तर वाचणाऱ्याला मधले पुरावे कशासाठी आहेत ते कळत नाही. स्वतःच्या निष्कर्षाविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा शोधा आणि त्याला उत्तर द्या. उत्तर देता येत नसेल तर निष्कर्ष बदला. त्यात कमीपणा नाही.

एकदा हात बसला की याच तीन प्रश्नांनी इतर जोड्या घ्याव्यात. त्याच कथेवर वि. वा. शिरवाडकरांचे १९६६चे ‘ययाति आणि देवयानी’ हे संगीत नाटक आहे. ते घेतले तर तुलना तिहेरी होईल. कर्णावर शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ आहेत. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्णही बोलतात, त्यामुळे बोलण्याच्या हक्काचा प्रश्न तिथे फार फलदायी ठरतो. आणि आपल्या मातीतले हवे असेल तर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) शेजारी ठेवा. ‘पाचोळा’त एका शिंप्याच्या घराची कथा त्याची बायको पारबती सांगते, ‘झोंबी’त शाळेसाठी बापाशी झगडणारा मुलगा स्वतः बोलतो. घर एका ठिकाणी घरधनिणीच्या तोंडून आणि दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या तोंडून ऐकले की बापाची प्रतिमा किती बदलते, हे तपासण्यासारखे आहे. शिवाय ही दोन्ही पुस्तके मुळात मराठी, आपापल्या मुलखाच्या बोलीत लिहिलेली. ‘ययाति’च्या वेळी जी भाषेची तुलना अनुवादामुळे सोडून द्यावी लागली, ती इथे पुरेपूर करता येईल.

लेखन पूर्ण झाल्यावर एक शेवटची तपासणी करा. आपल्या निबंधात जिथे जिथे पहिल्या पुस्तकाचे नाव आहे तिथे दुसऱ्याचे घालून वाचून पाहा. वाक्य तरीही खरे राहत असेल, तर ते दोन्हीपैकी कोणत्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाही. ते काढून टाका. ‘लेखकाने मानवी मनाचा प्रभावी वेध घेतला आहे’ हे वाक्य या चाळणीत टिकणार नाही. ‘इथे पश्चात्तापाने मुलाचे तारुण्य परत मिळते, पण सून परत मिळत नाही’ हे टिकेल, कारण ते एकाच पुस्तकाविषयी खरे आहे. या चाळणीतून दहा वाक्ये जरी उरली, तरी ती दहा वाक्ये तुमची स्वतःची असतील आणि तेवढी तुलना खऱ्या अर्थाने झालेली असेल.